खडूचं हॉटेल

४ जानेवारी

कॅप्टनकाका,

तुम्हाला आणि काकूला नमस्कार. हे नळकांडं उघडताना कात्री लावू नका. मागच्या वेळी तुम्ही नकाशातलं अख्खं वॉशबेसिन कापून टाकलंत आणि वर मलाच विचारलंत की लोकांनी हात कुठे धुवायचे.

काम मिळालंय, काका. मोठं. नदीकाठी एक जुनं हॉटेल आहे. त्याचं वरच्या मजल्यावरचं जेवणघर नऊ वर्षं बंद होतं. नवा मालक ते उघडतोय आणि आतलं सगळं, खुर्चीपासून दिव्यापर्यंत, मी करायचंय. आजवर छत्तीस हॉटेलं केली, पण अशी खोली हातात आली नव्हती. तीन बाजूंना खिडक्या आणि खाली पाणी. दुपारी पाण्यावरचं ऊन छतावर येतं आणि तिथे हलत राहतं. पहिल्या दिवशी मी जमिनीवर उताणी पडून तासभर ते बघत होते. मालक आला, त्याला वाटलं मला चक्कर आली.

नेहमीची टाळी वाजवून पाहिली. आवाज वर गेला, थोडा रेंगाळला आणि परत आला. म्हणजे छताला कुठेतरी कापड लावावं लागणार, नाहीतर जेवणघर भरलं की कोणाचं कोणाला ऐकू येणार नाही.

नकाशा सोबत आहे. बेचाळीस फूट बाय चाळीस, मधे एक खांब, शहाण्णव खुर्च्या. मालकाला मी सांगितलं, हा आधी काकांकडे जाणार. तो म्हणाला, "काका आर्किटेक्ट आहेत का?" म्हटलं, नाही, त्यांनी चाळीस वर्षं मोठ्या हॉटेलात वाढण्याचं काम केलंय, शेवटची वीस वेटरांवरचे कॅप्टन म्हणून. ते माझा नकाशा गच्चीवर खडूने आखतात, पुऱ्या मापाचा. मग ट्रेवर आठ ग्लास पाणी घेऊन स्वयंपाकघरापासून एकेका टेबलापर्यंत चालतात. जिथे पाणी सांडतं तिथे माझं काहीतरी चुकलेलं असतं. त्याने हातावरचं घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "बरं, पण लवकर चालायला सांगा." पंधरा एप्रिलला त्याला दारं उघडायची आहेत.

आणि माझी जुनी तक्रार आहेच. छत्तीस हॉटेलं झाली, तुम्ही एकातही येऊन बसला नाहीत. दर वेळी काहीतरी सबब. ह्या वेळची सबब आत्ताच कळवून टाका म्हणजे मी वाट बघणार नाही.

तुमची,
मोजपट्टी


१९ जानेवारी

मोजपट्टे,

अक्षर काकूचं, मजकूर माझा. माझा चष्मा दुरुस्तीला गेलाय. नकाशाच्या रेघा दिसतात, बारीक लिहायला जमत नाही. काकू म्हणते ती फक्त लिहिणार, मत देणार नाही. बघू किती वेळ टिकतं ते.

कात्री लावली नाही. दातांनी उघडलं.

तुझी खोली सुंदर आहे. मी भल्या सकाळी आखायला घेतली, तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालायला येण्याआधी. पाण्याची टाकी म्हणजे स्वयंपाकघर, उपडी बादली म्हणजे खांब. आखून झालं तेव्हा धुकं होतं. धुक्यात आधी पांढऱ्या रेघा दिसायला लागतात आणि मग गिऱ्हाइकं येतात. तू हसशील. पण ट्रे हातात घेतला की मी पुन्हा कॅप्टन असतो आणि कॅप्टनला गिऱ्हाइकं दिसावीच लागतात. सकाळी उठायला माणसाला काहीतरी कारण हवं, माझं हे आहे.

सात नंबरवर एक जोडपं होतं. भांडून आलेलं. दोघांची तोंडं मेनूकार्डाच्या आड आणि बोटं मात्र टेबलाखाली एकमेकांत. खांबापाशी एक गृहस्थ सूप गार व्हायची वाट बघत झोपून गेले. आणि चौदा नंबरला, खिडकीपाशी, एक बाई एकटीच बसली होती. एक चप्पल काढलेली, पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवलेलं, नजर पाण्याकडे. समोरची खुर्ची रिकामी. तिने काही मागवलं नाही आणि मी विचारलंही नाही. काही लोकांना जेवण नको असतं, नुसती जागा हवी असते. (काकू विचारते, कोण ही बाई? मत देणार नव्हती ती.)

आता अहवाल.

पाणी सांडलं: पाच वेळा.
जागा: खांबाच्या वळणावर दोनदा, सात नंबरपाशी, स्वयंपाकघराच्या दारात, चौदाच्या अलीकडे.
कारण: वाट अरुंद.

सबब नंतर कळवतो.

कॅप्टन


२७ जानेवारी

कॅप्टनकाका,

पाच वेळा! माझ्या पहिल्या कॉफीच्या दुकानात दोन दारं एकमेकांवर आपटत होती, तिथेसुद्धा तुम्ही तीनदाच सांडलं होतं. वय वाढतंय तशी माझी अक्कल गुडघ्यात चाललीय की काय!

पण तुमच्या पाण्याशी मी वाद घालत नाही. एकदाच घातला होता, अकराव्या हॉटेलात. तुम्ही लिहिलं होतं, बारच्या कोपऱ्यावर सांडलं. मी म्हटलं, जाऊ दे, तेवढं चालतंय. उद्घाटनाच्या दिवशी त्याच कोपऱ्यावर टोमॅटो सूपचा अख्खा बाऊल प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर. तेव्हापासून तुमचा अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बारा खुर्च्या काढल्या. आता चौऱ्याऐंशी. वाटा चार फुटांच्या केल्या. मालकाने कपाळाला आठ्या घातल्या, पण चालवून घेतलं.

काल खुर्च्यांचे नमुने आले. मी प्रत्येकीवर बसून एकेक पत्र लिहायचं ठरवलं होतं. पाठ दुखायच्या आत जी पत्र पुरं करू देईल ती पास. हे पत्र तिसऱ्या खुर्चीवर लिहितेय आणि अजून पाठीचं काही म्हणणं नाही. दिव्यांचंही बघितलं. दिव्याखाली आधी स्वतःचा हात धरते. हात आजारी दिसला तर दिवा परत.

तुमच्या चौदा नंबरच्या बाईवरून मला टेबलक्लॉथची खोली आठवली. शाळा सुटली की आई मला तुमच्या हॉटेलच्या मागच्या दाराने आत सोडायची आणि तुम्ही मला त्या खोलीत बसवायचात. इस्त्रीच्या कापडांचा ऊबदार वास, आणि दाराच्या फटीतून दिसणारं जेवणघर. फट एवढीशी, त्यामुळे लोक दिसायचे नाहीत, फक्त तुम्ही दिसायचात, टेबलांमधून जाताना. मला वाटायचं, ती खोली तुमच्याच मापाने बांधली असणार. मी बिलांच्या कोऱ्या बाजूला ती काढायचे. म्हणजे नोकरी तेव्हाच सुरू झाली म्हणायची.

नवा नकाशा सोबत आहे. चष्मा आला का?

मोजपट्टी


११ फेब्रुवारी

मोजपट्टे,

चष्मा अजून नाही. दुकानदार रोज उद्याचं आश्वासन देतो. काकूच लिहितेय.

नवी खोली आखली. जुन्या रेघा नीट पुसल्या गेल्या नाहीत, खाली कुठेकुठे अजून दिसतात. तशी ह्या गच्चीवर तुझी सगळीच हॉटेलं एकाखाली एक आहेत. काकू तुझ्या कॉफीच्या दुकानावर पापड वाळत घालते आणि शेजारच्यांची मांजर त्या समुद्रकाठच्या बारमध्ये झोपते. कधीकधी मी एका हॉटेलातून चालायला निघतो आणि दुसऱ्यातच पोचतो. ह्या मंगळवारी सूप घेऊन निघालो तो सरळ माझ्या जुन्या जेवणघरात शिरलो. सगळे होते. वाजवणारा पियानोपाशी बसलेला, टेबलक्लॉथच्या खोलीचं दार किलकिलं. मी दाराकडे बघून मान हलवली. मग पायावर गार पाणी पडलं आणि गच्ची परत आली.

सात नंबरच्या जोडप्याने लग्न केलं असावं. आता दोघं एकच मेनूकार्ड वाचतात. खिडकीजवळची बाई अजून एकटीच आहे.

पाणी सांडलं: नऊ वेळा.
जागा: खांबाचं वळण, सात, चौदा, दार, आणि मधल्या सरळ वाटेवर पाच वेळा.
कारण: वाट अजून अरुंद. गच्चीला थोडा उतारही असेल.

कॅप्टन


१६ फेब्रुवारी

काका,

सरळ वाटेवर पाच वेळा? चार फुटांच्या सरळ वाटेवर, जिथे वळण नाही, खांब नाही, दार नाही? मी दोन दिवस नकाशापुढे डोकं धरून बसले. गच्चीला उतार असता तर इतक्या वर्षांत कधीतरी कळला असता.

पण तुम्ही लिहिलंय म्हणजे काहीतरी आहे जे मला दिसत नाही. मी आणखी बारा काढल्या. बहात्तर. मालकाला दाखवायला गेले तर तो म्हणाला, "मॅडम, मी हॉटेल उघडतोय की नाचाचं मैदान?" मग शांतपणे म्हणाला की महिनाअखेरपर्यंत शहाण्णव खुर्च्यांचा नकाशा आला नाही तर तो दुसऱ्या कोणाला तरी बोलावेल. तो वाईट माणूस नाही. चिडला की कान लाल होतात, इतकंच.

मी त्याला म्हटलं, काकांचं पाणी आजवर चुकलेलं नाही. काम गेलं तर जाऊ दे, काका. सूप पुन्हा कोणाच्या मांडीवर नको. तुम्ही बहात्तरचा चालून बघा आणि कळवा.

मोजपट्टी


२२ फेब्रुवारी

चिरंजीव मोजपट्टीस काकूचा आशीर्वाद.

हे पत्र ह्यांना माहीत नाही. भाजीला म्हणून बाहेर पडलेय आणि पोस्टाच्या बाकावर बसून लिहितेय, तेव्हा घाईघाईत आहे ते चालवून घे.

चष्मा कुठेही गेलेला नाही. ह्यांच्या खिशातच आहे. हात कापतात गं. वर्ष होत आलं. आधी कप बशीवर वाजायचा, मी म्हटलं थंडी असेल. मग शर्टाची बटणं. आता दाढी मी करून देते आणि वरून माझेच हात धड नाहीत म्हणून बोलणी खाते. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, जिवाला धोका नाही, गोळ्यांनी थोडं कमी होईल पण जाणार नाही.

पाणी तुझ्या नकाशाने सांडत नाहीये. रोज सकाळी गच्चीवरून येतात ते पायजमा गुडघ्यापर्यंत ओला करून. मी म्हटलं, सांगून टाका तिला. तर म्हणाले, "सांगितलं तर आधी दयेने नकाशे पाठवेल, आणि मग एक दिवस पाठवायची थांबेल. मग मी कोण? खडू घेऊन गच्चीवर फिरणारा म्हातारा." पंचेचाळीस वर्षांचा संसार झाला आमचा. मी उठून ओला पायजमा वाळत घातला.

तू मालकाशी भांडतेस आणि काम जातंय हे वाचल्यापासून हे ताट अर्धवट टाकून उठतात. पण कबूलही करत नाहीत. काहीतरी कर बाई. मी सांगितलं हे मात्र कळू देऊ नकोस, घरात आमचं तोंड बघणं बंद होईल.

काकू


२६ फेब्रुवारी

काकू,

पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. मग तोंड धुतलं आणि एक करामत केलीय. मालकाला आधीचाच शहाण्णवचा नकाशा दिला. काकांना आज एक वेगळा पाठवतेय, फक्त त्यांच्यासाठी. साठ खुर्च्या, पाच-साडेपाच फुटांच्या वाटा, खांबाला मोठा वळसा. ह्यात ते सांडणार नाहीत. त्यांना वाटेल नकाशा सुधारला. त्यांचं कॅप्टनपण त्यांच्याकडे राहील आणि कोणाचं काही बिघडणार नाही.

हे पत्र जाळून टाक.

मोजपट्टी


२६ फेब्रुवारी

कॅप्टनकाका,

आनंदाची बातमी. मालक नरमला! मी थेट साठवर आणलंय. तुमचं ऐकलं आणि सगळं सुटलं. निवांत चाला, घाई नाही. अहवालाची वाट बघतेय.

मोजपट्टी


१० मार्च

मोजपट्टीस,

हे अक्षर माझं आहे. सावकाश वाच.

तुझा साठ खुर्च्यांचा नकाशा चाललो. एक थेंब सांडला नाही. पहिल्या फेरीला मला लहान मुलासारखा आनंद झाला. दुसऱ्या फेरीला चौदा नंबरपाशी थांबलो, वर बघितलं, आणि कळलं.

तुझ्या प्रत्येक नकाशात ठिपक्याठिपक्यांची एक रेघ असते, दिवे कुठे टांगायचे त्याची. सहा टेबलांच्या कॉफीच्या दुकानातसुद्धा तू नऊ दिवे दाखवले होतेस. ह्या नकाशात एकही दिवा नाही. ज्या खोलीत कोणी जेवणार नसतं तिथेच माणूस दिवे दाखवायला विसरतं.

चाळीस वर्षं मी लोकांपुढची ताटं उचलली. जेवण आवडलं असं मनापासून म्हणणारा कोण आणि मला वाईट वाटू नये म्हणून म्हणणारा कोण, ते मला ताट उचलताना कळतं. खाली येऊन काकूला विचारलं. ती खोटं बोलायला लागली की डबे घासते. घासलेलेच डबे पुन्हा घासायला लागली. तिच्यावर रागावलेलो नाही.

तुला एक कबुली देणं लागतो. पहिल्या वेळी मला खरंच वाटलं की वाट अरुंद आहे. दुसऱ्या वेळी मला माहीत होतं. सरळ वाटेवर पाच वेळा सांडल्यावर कोणाला कळणार नाही? तरी मी उतारावर ढकललं. माझ्या लटक्या शब्दापायी तुझं काम जाणार होतं आणि मी गप्प बसलो. कॅप्टनने असं करू नये.

तेव्हा शहाण्णव खुर्च्या परत टाक. पाणी माझ्यामुळे सांडलं. आणि इथून पुढे नळकांडं पाठवू नकोस. छत्तीस झाली, सदतिसावं तुझं तुला येईल.

खिडकीतल्या बाईला सांगून आलोय, आजपासून आमचं बंद.

काका


१५ मार्च

काका,

मी खोटं बोलले. माफ करा.

तीनदा फोन केला. काकू म्हणते तुम्ही झोपलाय. सकाळी अकरा वाजता? तुम्ही उभ्या आयुष्यात सकाळी अकराला झोपला नाहीत.

रागवा, चार शब्द सुनवा, पण लिहा.

तुमची मोजपट्टी


२१ मार्च

चि. मोजपट्टीस,

तुझं पत्र ह्यांनी वाचलं आणि उशीखाली ठेवलं. उत्तराचं विचारलं तर बघू म्हणतात. गच्चीवर जात नाहीत. सकाळी उठतात, कपडे करतात आणि खिडकीशी बसून राहतात, बोलावणं येणार असल्यासारखे. खडू मी डब्यात ठेवलाय. काल पापड घालायला वर गेले तर साठ खुर्च्या तशाच होत्या. मला त्यांच्यावर पापड घालवेनात.

काकू


३० मार्च

काका,

उत्तर आलं नाही तरी मी लिहिणार. हे पत्र पुरं वाचा, मग हवं तर उशीखाली ठेवा.

आठ दिवसांपूर्वी, उजाडायच्या सुमाराला, मी त्या जेवणघरात गेले. फरशी पुसून ठेवली होती. पांढऱ्या खडूने शहाण्णव खुर्च्यांचा नकाशा आखला, पुऱ्या मापाचा, तुम्ही आखता तसा. कंबर मोडली. इतकी वर्षं तुम्ही हे माझ्यासाठी करत होतात आणि मी वरून तारखा देत होते. मग काय मनात आलं कोणास ठाऊक, त्याच फरशीवर पिवळ्या खडूने तुमचा साठ खुर्च्यांचाही आखला. दोन्ही आखून होईपर्यंत दुपार झाली. मग ट्रेवर आठ ग्लास घेऊन निघाले.

पांढऱ्यातून गेले. माझे हात धड आहेत, सांडलं नाही. पण चौदा नंबरला पोचले आणि लक्षात आलं की मी सगळा वेळ ग्लासांकडे बघत आले होते. नदी दिसलीच नाही. परत आले, पिवळ्यातून निघाले. खांबाला वळसा घातला आणि ते ऊन छतावर आलेलं दिसलं. आठ ग्लास हातात असताना मी छताकडे बघत चालत होते, काका.

मग हॉटेलात नव्याने लागलेल्या तीन वेटरांना बोलावलं. कोणता नकाशा कशाचा ते सांगितलं नाही, नुसतं चालायला लावलं. त्यातले सगळ्यात वडील जे आहेत ते म्हणाले, "पांढऱ्यातूनही जमेल मॅडम. पण पांढऱ्यात माझं लक्ष ग्लासावर राहतं. पिवळ्यात गिऱ्हाइकाकडे बघता येतं." आणि म्हणाले, "सकाळी जमेल हो. दहा तास उभं राहिल्यावर संध्याकाळी हात कोणाचे स्थिर असतात?"

हे मला माहीत नव्हतं. छत्तीस हॉटेलं करून माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, पण तुमचे हात इतके तयार होते की तुम्हालाही ते सांगावं लागलं नाही. धड हात वाईट नकाशाला सांभाळून घेतात. माझ्या किती चुका तुम्ही मनगटाने सावरल्या असतील आणि मला 'पास' म्हणून कळवलं असेल, ते आता आपल्या दोघांनाही कळणार नाही. आता तुमचे हात काही सावरत नाहीत. म्हणजे आता मला सगळं खरं कळेल. वाट खरंच अरुंद होती, काका. तुम्ही कारण बरोबर लिहिलं होतंत. मी आणि तुम्ही, दोघांनी उगाच ते खोटं मानलं.

मालक आला. खुर्च्या म्हणजे खुर्च्या, असं म्हणाला. मी ट्रे त्याच्या हातात दिला. "माझे हात काय कापतायत?" म्हणून ऐटीत निघाला आणि खांबापाशी चार ग्लास स्वतःच्या बुटात ओतून घेतले. कान लाल. मग तसाच फचफच करत चौदा नंबरपर्यंत गेला आणि खिडकीपाशी उभा राहिला.  शेवटी म्हणाला, "इथून अशी दिसते होय नदी." आणि मग, "उरलेल्या खुर्च्या बाहेर व्हरांड्यात टाका."

साठ आत, छत्तीस बाहेर. काम पिवळ्या खडूवर चाललंय. ह्यात दिवे सगळे दाखवलेत, अठ्ठावीस आहेत, मोजून बघा. नकाशा सोबत पाठवतेय.

मी खोटं का बोलले ते सांगते. दया वगैरे नंतरची गोष्ट. मी घाबरले होते. तुम्ही चालायचे थांबलात तर मी नकाशे काढायचे कोणासाठी? गिऱ्हाइकं मला कधीच दिसलेली नाहीत. मला अजून दाराच्या फटीतून तुम्हीच दिसता, टेबलांमधून जाताना. लहानपणी वाटायचं ती खोली तुमच्या मापाने बांधलीय. ती नव्हती. ही आहे.

पंधरा तारखेला या. चालायला नको, बसायला या. चौदा नंबर तुमच्यासाठी ठेवलंय.

मोजपट्टी


१७ एप्रिल

मोजपट्टे,

परवा तू इतकी धावपळीत होतीस की आपलं बोलणंच झालं नाही. म्हणून हे पत्र. अक्षर माझंच आहे आणि चष्मा, देवाच्या कृपेने, खिशात सापडला.

मी तुझ्या एकाही हॉटेलात का बसलो नाही ते तू इतकी वर्षं विचारतेस. सबब नव्हतीच. मला बसता येत नाही. जेवणघरात शिरलो की माझे हात पाठीमागे जातात आणि पाय भिंतीशी जाऊन उभे राहतात. परवाही तसंच झालं. मी भिंतीशी उभा राहिलो आणि काकू खुर्चीत बसून माझी वाट बघत राहिली.

तिने खिडकीबाहेर बघितलं. मग, कोणाचं लक्ष नाही असं वाटून, एक चप्पल काढली आणि पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवलं. समोरची खुर्ची रिकामी होती.

जानेवारीपासून ती बाई माझ्या गच्चीवर येत होती आणि मी तिला ओळखलं नाही. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बायकांना खुर्च्या ओढून दिल्या, आणि संध्याकाळी कोणाच्या समोर बसून जेवलो असं एकदाही झालं नाही. मी जाऊन बसलो. काकू म्हणाली, "आलात?" मी म्हटलं, "थोडा उशीर झाला." ती म्हणाली, "चालेल, मी अजून काही मागवलं नव्हतं."

तुझी खुर्ची चांगली आहे. पाठीचं काही म्हणणं नाही. छतावरचं ऊन जाईपर्यंत बसलो होतो. सात नंबरला खरंच एक जोडपं होतं, पण हे अजून भांडणाच्याच टप्प्यावर आहे.

तुझे ते वडीलधारे वेटर पाणी घेऊन आले. मी ग्लास उचलला, दोन्ही हातांनी, तरी व्हायचं ते झालं. टेबलक्लॉथ भिजला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं नाही. नदीवरच्या होडीबद्दल काकूशी दोन शब्द बोलले आणि बोलता बोलता ओल्यावर कोरडा रुमाल असा पसरला की जणू तो तिथेच होता. मी चाळीस वर्षं हेच करत आलो. आपल्यासाठी कोणी करतं तेव्हा कसं वाटतं, ते परवा कळलं.

पुढचं नळकांडं पाठव. खडू डब्यातून काढलाय. कात्री लावणार नाही.

अहवाल.

पाणी सांडलं: एकदा.
जागा: चौदा नंबर.
कारण: हात.
नकाशात बदल नको.

कॅप्टन